ढिगाऱ्याखालचा माणूस

मास्तरांनी नेहमीप्रमाणे आधी भांडे घासले. शिळे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतले, ताजे भरले, खोलीची फरशी पाइपने धुतली आणि खराट्याने पाणी मोरीकडे लोटले. मग कापसाचा बोळा औषधात बुडवून ते उकिडवे बसले. बचाव पथकाच्या कुत्रीचे पंजे रोज सकाळी तपासावे लागतात. बोटांच्या बेचक्यांत काचेचे कण अडकलेले असतात.

समोर लोखंडी पलंगावर राक्षसांची राजकन्या बसली होती.

"पाय," मास्तर म्हणाले.

तिने पाय पुढे केला नाही. तिच्या करड्या कपाळावर दोन आखूड शिंगे होती आणि घोट्यांत सोन्याचे जाड वाळे. तिने मास्तरांकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, ओळखही नव्हती.

"आमचे पाय तुला कशाला हवेत?"

राक्षसांच्या राजाचा मंत्र पडून कुत्रीची राजकन्या झाली त्या सकाळी, याच देहाने, तिने आपणहून पाय पुढे केला होता. भांड्याला तोंड लावून ती पाणी प्यायली होती, आणि 'ठिणगी' अशी हाक ऐकताच तिने मान वळवली होती. मग एकेक गोष्ट सुटत गेली. आधी भांडे सुटले, मग निजण्यापूर्वी जागच्या जागी गोल फिरणे. काल नावही सुटले.

पथकाची स्वयंपाकीण मावशी ताट घेऊन आली. ते तिने दुरूनच पलंगावर सरकवले.

"मास्तर, उठा आता. हिला न्यायला राक्षसांची पालखी चौकापर्यंत आलीय. साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलंय."

"राजाला वारस हवा होता, तर आपल्या घरात बघायचा."

"शूर जीव हवा होता म्हणे. आधी माणसांत शोधला." मावशीने पदराला हात पुसले. "नाही मिळाला."

मास्तरांनी कापूस बाटलीशेजारी ठेवला.

"राजाचा निरोप ऐकलात ना? अंगणात सापडेल तो माणूस त्यांचा. आणि त्यांच्याकडे माणसाला जेवायला नेतात ते पाटावर बसवायला नाही, ताटात वाढायला."

"तुम्ही व्हा पुढे. दार लावून घ्या."

"तिला काही आठवत नाही हो आता," मावशी हळू आवाजात म्हणाली.

मग ती कार्यालयाकडे निघून गेली.

खोली आणि फाटक यांच्या मध्ये सरावाचा ढिगारा होता. फुटलेल्या स्लॅबचे तुकडे, सिमेंटचे पाइप आणि वाकलेल्या सळया पथकाने स्वतः आणून रचल्या होत्या. मागे भूकंप झालेल्या एका शहरात ठिणगीला दिवसामागून दिवस फक्त मृतच सापडत गेले, तेव्हा तिने अन्न सोडले होते. अशा वेळी पथकात एक रीत असते. आपल्यातलाच एक जण ढिगाऱ्याखाली जाऊन पडतो. कुत्री त्याला हुंगून काढते, उजव्या पंजाने उकरते, भुंकते. सगळे तिला शाबासकी देतात. जगात अजून जिवंत माणूस सापडतो, एवढे तिला कळले की ती पुन्हा कामाला लागते. तेव्हा मास्तर स्वतः जाऊन पडले होते. ठिणगी त्या संध्याकाळी जेवली होती.

मास्तरांनी भांड्यातले पाणी ओतून टाकले आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यात ठेवली. अंगणात कोणी नव्हते. कार्यालयाच्या खिडक्या बंद होत्या. ते ढिगाऱ्यापाशी गेले, पाइपाच्या तोंडातून आत सरकले आणि मोठ्या स्लॅबखाली कुशीवर पडले. तिने एकदा भुंकावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ती भुंकली तर पुढे काय होईल, हेही त्यांना ठाऊक होते.

पालखी आली. फटीतून त्यांना फक्त पाय दिसत होते. भोयांचे रुंद, केसाळ पाय. पालखी खोलीपाशी टेकली, उचलली गेली आणि जड होऊन परत फिरली. ढिगाऱ्याजवळ येऊन ती थांबली.

"वास येतोय," एक घोगरा आवाज म्हणाला. "माणसाचा. ताजा आहे."

"भूक लागली की तुला भिंतीलाही माणसाचा वास येतो," दुसरा म्हणाला.

"अरे, खरंच येतोय. उचला ते दगड."

"थांबा," राजकन्या म्हणाली. "आमच्याइतकं नाक तुमच्यात कोणाला नाही. आम्ही बघतो."

वाळे वाजले. दोन करडे पाय फटीसमोर येऊन थांबले. ती खाली वाकली असावी, कारण फटीतला उजेड गेला. मास्तरांना तिचा श्वास ऐकू आला: आधी लांब, मग आखूड, तुटक, एकामागून एक. हा श्वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. ते मुळीच हलले नाहीत.

उजव्या पायाची बोटे सिमेंटवर एकदा घासली गेली. मग पाऊल जमिनीवर घट्ट टेकले.

"इथे जिवंत कोणी नाही," ती म्हणाली.

"पण वास..."

"जुना आहे. चला."

फटीत पुन्हा उजेड आला. पालखी उचलली गेली, फाटक करकरले आणि वाळ्यांचा आवाज रस्त्यावर विरत गेला.

बऱ्याच वेळाने कार्यालयाचे दार उघडले. मावशी अंगणात आली, खोलीत डोकावली, भांड्यातली शिट्टी तिने उचलली आणि ती थेट ढिगाऱ्याकडे वळली.

"गेले ते, मास्तर," पाइपाच्या तोंडाशी वाकून ती म्हणाली. "या आता बाहेर."

कुत्री भुंकल्याशिवाय लपलेल्या माणसाने बाहेर यायचे नाही, हा सरावाचा पहिला नियम होता. नव्या माणसांना तो मास्तरच शिकवत असत. ते तसेच कुशीवर पडून राहिले.