मिटलेलं कोरल

युवराजच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं मऊ कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, मिटून बसलं होतं. अंगावर मेणासारखा पापुद्रा धरला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांची दृष्ट लागली म्हणून जयाबाईंनी टाकीवर जुनं लुगडं टाकलं, तेव्हा तो आईवर चिडलाच.

"असं अंधारात कोंडल्यावर मरंल न्हाय तर काय हुईल, आई? त्याला उजेड पायजे, हलतं पाणी पायजे. जागचं हलता येत न्हाय त्याला, मग आपणच बघाय पायजे की!"

"व्हय रं, मुका जीव त्यो," म्हणत जयाबाईंनी लुगडं काढलं आणि आतल्या खोलीत नेऊन खाटेवर टाकलं.

त्या खाटेवर युवराजची बायको दिपाली बाळाला घेऊन पडली होती. दुसरं बाळंतपण सासरी, हिंडलग्यातच झालं होतं. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, ओव्याचा धूर, पंखा बंद. सासूचा डोळा चुकवून तिनं खिडकी तेवढी बोटभर उघडी ठेवली होती.

टाकीला नवा दिवा आला, जोराचा पंप आला. दोन दिवसांनी युवराज मोबाईल घेऊन धावतच खोलीत आला. फोटोत कोरल पापुद्रा टाकून मस्त फुललं होतं.

"बघ दिपा, उजेड नि मोकळं पाणी मिळाल्यावर कसा जीव धरला त्यानं!"

दिपालीनं खिडकीकडं बघितलं. तिच्याबरोबर त्यानंही बघितलं.

 

"अगं, वारं लागंल की तुला!" म्हणत त्यानं खिडकी ओढून घेतली, आणि टाकीवरनं काढलेलं तेच लुगडं उरल्यासुरल्या फटीत नीट कोंबलं.