तीन पट्ट्या

गास गावच्या बेनेडिक्टने बायकोला, फ्लोराला, एकदा पाहुण्यांसमोर झापलं होतं, "बंद कर ती पेटी, कान किटले!" त्यानंतर तिने पेटीला हात लावला नाही. ती वारल्यावर ते आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"पप्पा, पेटी चर्चच्या कॉयरला देऊ," मुलगी जेनिफर म्हणाली. "फक्त तीन पट्ट्या अडकल्यात, तेवढ्या सोडवा."

भर दुपारी ओट्यावर बसून त्याने फुगलेलं लाकूड पॉलिश पेपरने घासलं. तिन्ही पट्ट्या वर आल्या.

आणि आपोआप पुन्हा खाली गेल्या. भाता बंदच होता.

त्याने एका पट्टीवर बोट ठेवलं. लाकूड लागलंच नाही. ऊबदार कातडी लागली, मग नख.

"फ्लोरा?" मान खाली घालून तो पुटपुटला.

त्याचा आवाज ऐकताच ती बोटं दचकून मागे सरली.