लांब दोरी

घरात अखंड बडबडणारी माझी लेक उंबरठा ओलांडला की मुकी होते. वर्गात तिचा आवाज बाईंनीसुद्धा ऐकलेला नाही. म्हणून मुद्दाम लांबलचक दोरी आणली. एकटीला उड्या मारताच येऊ नयेत, कुणालातरी बोलवावंच लागावं. “बैल बांधायचाय का?” नवरा म्हणाला. आज खाली तिनं दोरीचं एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं धरून एकटीच फिरवत राहिली. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला, पण सटसट ऐकू येतच होती. मग मुलींचा गलका झाला. “ए मुकी, दोरी दे इकडे!” सटसट थांबली. हिसकावली असणार. मी चपला घालू लागले. तेवढ्यात दोरी पुन्हा वाजू लागली, सोबत उड्यांची धपधप. “बास, आता माझा नंबर!” कुणीतरी खडसावलं. हा आवाज मी रोज ऐकते. खिडकीबाहेरून पहिल्यांदाच आला.