गोजरबाईची ओळ

"उजवीकडं!" गोजरबाईनं फोनवर बोट दाबलं. "ही डावीकडं. ही बी डावीकडंच. लाव पुढची, जल्दी!"

राखाडी पडद्यावर पुसट पट्ट्या उमटायच्या आणि त्या कोणत्या अंगाला कलल्यात ते सांगायचं, एवढाच तो खेळ. दर वेळी पट्ट्या आणखी पुसट व्हायच्या. सून दैवशाला फोन धरून बसायची आणि सासू मांडी ठोकून आपल्या सत्तरीच्या डोळ्यांना तालमीत उतरवायची. हसायला येईल कुणाला, पण बाई पेटली होती.

पेटायला कारणही तसंच होतं. तीर्थपुरीच्या शिवारात भागवतच्या रानात कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट असतो. तिथं दुपारनंतर बाया उद्या उमलणाऱ्या कळ्या हातानं सोलतात. पाकळ्या काढायच्या, आतले पिवळे दाणे नखानं खरवडायचे, मधली काडी तेवढी ठेवायची आणि खूण म्हणून तिला लाल कागद अडकवायचा. सकाळी त्या काडीवर दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग लावतात. पिवळे दाणे मागं राहिले की बियाणं बाद. गोजरबाईचा जन्म गेला ह्या क्रॉसिंगच्या कामात. गावातल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखाली शिकल्या. आणि गेल्या साली तिच्याच ओळीतल्या कळ्यांत दाणे सापडले. भागवत चारचौघींत म्हणाला, "मावशी, तुम्ही आता कळीला हात लावू नका. बायांला पाणी पाजीत जा."

मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं. शिबिरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, भिंग बरोबर बसलंय. आता राहिलं ते डोळ्यांचं काम नाही, मेंदूचं आहे. हा खेळ रोज खेळा. काहींना थोडा फरक पडतो, काहींना नाही पडत. फार आशा धरू नका." शेवटचं वाक्य गोजरबाईनं ऐकलंच नाही. कशाला ऐकेल?

दैवशालानं भागवतला गळ घातली, "आत्यांला एक हंगाम कळीवर घेऊन बघा भाऊ, माझ्यासाठी." भागवतनं बघितलं. रोज सकाळी म्हातारीच्या ओळीतल्या कळ्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. एकीतही दाणा नाही! मग काय विचारता, बाईचे पाय जमिनीला लागेनात. मेंदूला बी व्यायाम लागतो म्हणून गावभर सांगत सुटली. म्हाताऱ्या बाया फोन बघायला दारात यायला लागल्या.

आणि घरात सुनेचा उद्धार सुरू झाला. कारण प्लॉटवरचं काम सुटलं की दैवशाला गवताला म्हणून मागं राहायची, रोज अंधार पडता पडता घरी यायची आणि डोक्यावर बघावं तर मूठभर गवत.

"एवढ्याशा गवताला एवढा येळ? कुठं गप्पा हाणीत बसतीस गं? आन् कंबर काय धरतीस तरण्याताठ्या वयात? माझ्या वयाला येशील तव्हा कसं व्हईल तुझं!"

दैवशाला नुसती हसायची. कंबर धरूनच चुलीपुढं बसायची. भाकरी झाल्या की फोन काढायची. "चला आत्या, तुमचा खेळ करून टाका."

पोळा होऊन गेला होता. त्या दिवशी काम सुटलं, बाया पुढं निघून गेल्या आणि गोजरबाईच्या चपलेचा अंगठा तुटला. ती बांधावर टेकली आणि चिंधीनं तो बांधायला लागली. दिवस बुडालेला. सहज मान वर केली, तर हिरव्या कपाशीत हिरवी साडी हलली.

गेल्या साली ह्या वेळेला तिला बांधावर उभी असलेली म्हैस ओळखू येत नव्हती. आज त्या मरणाच्या अंधुक उजेडात हिरव्यातून हिरवं वेगळं दिसलं. पुसट होतं, पण दिसलं. दैवशालाच होती. बाईला असा आनंद झाला म्हणता! "अगं, तू मला दिसून राह्यलीस!" असं ओरडायला तिनं तोंडही उघडलं.

मग दैवशाला कुठं उभी आहे ते तिला कळलं. ती ओळ गोजरबाईची होती.

सून झाडाझाडाशी वाकत होती. लाल कागद काढायचा, कळीत नख घालायचं, खरवडायचं, कागद परत अडकवायचा. मग पुढची कळी. एकही सोडत नव्हती. मधेच कंबरेवर हात देऊन ताठ व्हायची, किती उजेड उरलाय ते बघायची आणि पुन्हा वाकायची. स्वतःच्या ओळी करून झाल्यावर हे. आणि हे काही आजचं नव्हतं.

हंगामभर तोंडाला येईल ते बोलली होती गोजरबाई ह्या पोरीला. रडू यावं तर तेही येईना. हाक न मारता, तुटकी चप्पल हातात घेऊन ती घरी चालत गेली.

दैवशाला आली. गवत टाकलं. सासू आज काहीच बोलली नाही, ह्याचं तिला नवल वाटलं असेल, पण दमलेल्या माणसाला विचारायचं बळ कुठून असणार? भाकरी झाल्या. फोन निघाला. पट्ट्या उमटल्या, स्वच्छ डावीकडं कललेल्या. एवढ्या स्वच्छ त्या आजवर कधी दिसल्या नव्हत्या.

"कोणीकडं हायत, आत्या?"

"दिसंना गं," गोजरबाई म्हणाली. "काहीच दिसंना झालंय. लई दिस झाले, तुला बोलले न्हाई. भागवतला सांग, उद्यापून मी येत न्हाई म्हणून."

आता ही म्हणेल, असं कसं आत्या, परत बघा, नीट बघा. एवढं तरी म्हणेल. गोजरबाई वाट बघत राहिली.

दैवशालानं फोन बंद केला, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"बरं," ती म्हणाली.