मास्तरांची मोजणी

"ज्यावर उभे आहात तो दगड नाही, जीव आहे. आधी खाली उतरा."

कमरेइतक्या पाण्यात प्रवाळावर चढून सेल्फी काढणाऱ्या पाहुण्याने गाइडकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याच्या पुढ्यातलं ताट ओढलं होतं.

"पैसे भरलेत आम्ही," तो म्हणाला.

"रिसॉर्टला भरलेत. समुद्राला काय दिलंत?"

पाहुणा पुटपुटत उतरला, आणि उतरताना टाचेखाली आणखी एक फांदी मोडून गेला.

अशी शाळा घेतात म्हणून बेटावर सगळे त्या गाइडला मास्तर म्हणत. वीस वर्षं ते पाहुण्यांना पाण्याखाली नेत होते आणि वीस वर्षं हाच तमाशा बघत होते. काय माणसं म्हणायची ही? स्वतःच्या घरात पायपुसण्यावर पाय पुसून आत शिरतील, आणि इथे शंभर वर्षं वाढलेल्या जिवावर बुटांसकट नाचतील. प्रवाळ संरक्षित होतं, त्यामुळे रिसॉर्टला त्या पाण्यात साधी वीटही लावता येत नव्हती. पण पाहुण्यांना तुडवायला मोकळीक होती. कायदा विटांना, माणसांना नाही.

मास्तरांनी वनखात्याच्या साहेबांकडे अर्ज केला, पाहुण्यांना इथे पाण्यात उतरायलाच बंदी करा म्हणून. कार्यालयातून उत्तर आलं, की नोंदणी झालेल्या गाइडने जिवंत-मेलेल्या प्रवाळाची मोजणी करून सहीनिशी द्यावी, ती ग्राह्य धरू.

मोजणीसाठी होडी मागायला मास्तर बाह्या सरसावूनच रिसॉर्टच्या मॅनेजरकडे गेले. भांडायची वेळच आली नाही.

"हवे तितके दिवस न्या," मॅनेजर म्हणाला. "फक्त मोजणी कडक होऊ द्या."

"जो माणूस पाण्याचा पेला फुकट देत नाही, तो होडी देतोय?" बायकोने घरी विचारलं.

"चोराच्या मनात चांदणं. घाबरलाय तो."

बायकोही पट्टीची पाणबुडी. दोघांनी तळाशी शंभर गाठींचा दोर ताणला आणि प्रत्येक गाठीखाली काय आहे, जिवंत की मेलेलं, ते पाटीवर टिपत गेले. आठवडाभर हेच काम. परतताना होडीत बसून बायकोने सरासरी काढली.

"शंभरात साठ जिवंत. त्यातली वीस पांढरी पडलीत, पण आहेत जिवंत. पाणी थंडावलं की रंग धरतील."

"पांढरी मेलेल्यांत धर."

"अहो, खोटं कशाला लिहायचं?"

"साठ जिवंत म्हटलं की साहेब विचारतील, मग रडताय कशाला? या लोकांना कानाखाली आवाज काढल्याशिवाय ऐकू येत नाही."

"आणि कुणी खाली उतरून बघितलं तर?"

"बुटाला पाणी लागू देणार नाहीत ते. तू लिही, चाळीस."

तिने साठ खोडून चाळीस लिहिले. पाटी त्यांच्या पुढ्यात सरकवून तिने पाठ फिरवली. मास्तरांना वाईट वाटलं, पण टाचेखाली मोडलेली फांदी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्यांनी ठळक सही केली.

सुनावणीला साहेबांच्या खोलीत चौघंच होते. मास्तर, त्यांची बायको, मॅनेजर आणि साहेब. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिले.

"मोजणी तुमचीच?"

"माझीच. एकूण एक गाठ माझ्या डोळ्यांखालची आहे."

"पांढरी पडलेली कशात धरलीत?"

बायकोने मान खाली घातली.

"मेलेल्यांत," मास्तर म्हणाले. "ती काय परत उठणार आहेत? चाळीस म्हणजेसुद्धा मी हात सैल सोडून लिहिलेत, साहेब." आणि मग वीस वर्षांचा राग बाहेर पडला. बूट, सेल्फी, होड्यांचे नांगर, आठवण म्हणून खिशात घातलेले तुकडे, सगळं त्यांनी काढलं. साहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मॅनेजर खाली बघत बसला होता.

"रिसॉर्टची काही हरकत?"

"काही नाही," मॅनेजर म्हणाला. "मास्तरांची मोजणी आम्हाला अक्षरशः मान्य आहे."

मास्तरांनी टेबलाखाली बायकोचा हात दाबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपलं ऐकलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि निकाल वाचायला घेतला.

"निम्म्याहून कमी जिवंत असलेलं प्रवाळ नियमानुसार मृत समजलं जातं. सबब, सदर गाइडच्या मोजणीच्या आधारे या प्रवाळाचं संरक्षण आजपासून रद्द करून, त्यावर भराव टाकून बोटींचा धक्का बांधण्यास रिसॉर्टला परवानगी देण्यात येत आहे."