चिंध्यांच्या पिशवीतली शेपटी

माझी मुलगी स्वतःला अर्धी मांजर म्हणवते. तिच्यासारखी आणखीही कार्टी आहेत, कुणी कोल्हा, कुणी घुबड. बागेत जमतात आणि चार पायांवर उड्या मारतात. मी दिवसभर लोकांचे कपडे शिवून मान मोडून घेते, आणि माझ्या पोटी हे ध्यान!

शेपटी तिने माझ्याच मशीनवर शिवली. आत माझ्याच कामातल्या चिंध्या कोंबल्या. आज पाहुण्यांसमोर ती कमरेला लावून जेवायला बसली, आणि माझं डोकं फिरलं. मी कापडाची मोठी कात्री आणली, शेपटी बुडापासून कचकन कापली आणि चिंध्यांच्या पिशवीत फेकली.

पाहुण्यांनी काढता पाय घेतला. पोरगी मात्र निमूट जेवत राहिली.

"लाज वाटते का काही?" मी ओरडले.

कोपऱ्यात पिशवी हलली.

उंदीर शिरला असेल म्हणून मी ती उपडी केली. चिंध्यांच्या ढिगात शेपटी जमिनीवर आपटत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे, चिडलेल्या मांजरीची आपटते तशी.

"बंद कर हे चाळे!" मी किंचाळले. शेपटी आणखी जोरात आपटायला लागली.

मुलीने पाण्याचा घोट घेतला.

"मी कुठे चिडलेय, आई?" ती म्हणाली. "तूच जरा शांत हो ना."

मी डोळे मिटले. मोठा श्वास घेतला आणि हळूहळू सोडला.

शेपटीही हळूहळू थांबली.