सात एके

“जखम काढतो म्हणालात आणि माझ्या लेकीचा भाऊच काढून नेलात,” शालन उपचार केंद्राच्या डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्यावर इराचा मेंदू उघडला. उपजत स्वभाव हिरवा, आघाताची खूण लाल. लाल तेवढं पुसायचं, हेच यंत्राचं काम. मोठा आवाज झाला की इरा कान झाकून पाढे म्हणायची. पाढे म्हणताना मेंदूत सुजय उजळायचा, तिच्या डोळ्यांदेखत ट्रकखाली गेलेला भाऊ. म्हणून यंत्रानं पाढे लाल ठरवले आणि त्यांचं मूळ समजून सुजयची एकूण एक आठवण पुसली.

“अहो, बोलायला लागली तेव्हापासून म्हणते ती पाढे. तेव्हा तर तो धडधाकट होता. किती वेळा घसा फोडून सांगितलं तुम्हाला.”

“ताई, आईची आठवण चुकते. यंत्र चुकत नाही.”

“मग पाढे गेले का?”



आज सकाळी कुकरची शिट्टी झाली. इरानं कान झाकले, “सात एके” म्हणाली आणि थांबली. पुढचं “सात” सुजय म्हणायचा, लहानपणापासून. शालननं घाईघाईनं “सात” म्हटलं, तर पोरीनं मान हलवली.

“तू नाही गं, आई. दुसरं कुणीतरी म्हणतं.”

“कोण?”

“तेच आठवत नाही.”

शालन डॉक्टरांसमोरच्या खुर्चीतून हलली नाही.

“ती अजून तिथंच थांबलीय, डॉक्टर. कुणाची वाट बघतेय म्हणून सांगू तिला? बोला.”